परत घेतलेला हुरडा

ऑफिसच्या ईमेलमध्ये आपल्याला ठाऊक नसलेली किती बटणं दडलेली असतात, हे माणसाला कळू नये. एकदा कळलं की ती दाबल्याशिवाय राहवत नाही. गुरुशांतअण्णा हिरेमठांना ते कळलं, आणि पुढं जे झालं त्यात त्यांचा कारखाना, त्यांची सासुरवाडी आणि सेलमचा एक सुताचा व्यापारी, असे सगळे सापडले.

अण्णा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात ऑफिस सुपरिंटेंडंट आहेत. कंपनीनं नवं ईमेल घेतलं तेव्हा बाकीच्यांनी ते जुन्यासारखंच वापरायला घेतलं. म्हणजे आलेलं वाचायचं, 'ओके सर' लिहायचं, प्रिंट काढायची आणि फायलीला लावायची. अण्णा मात्र त्या ईमेल बनवणाऱ्यांच्या साईटवर गेले. तिथं 'ताज्या बातम्या हव्यात का?' असं विचारलं होतं आणि खाली 'तुम्ही कोण?' म्हणून तीन चौकोन होते. विद्यार्थी, ग्राहक आणि डेव्हलपर. या वयात विद्यार्थी म्हणवत नव्हतं. ग्राहक म्हटलं तर गळ्यात काहीतरी मारतील. म्हणून त्यांनी डेव्हलपरवर खूण केली. तेव्हापासून दर सोमवारी जगभरच्या प्रोग्रामर लोकांसाठी निघणारं बातमीपत्र अण्णांना यायला लागलं. त्यातलं निम्मं त्यांना कळत नसे. उरलेलं निम्मं ते ऑफिसला समजावून सांगत.

खोटं कशाला बोला, काही गोष्टी कामाच्याही होत्या. 'सोबत जोडले आहे' असं लिहून आपण काही जोडायचं विसरलो, तर पाठवण्याआधी ईमेलच टोकतं, हे अण्णांमुळेच ऑफिसला कळलं. आज लिहिलेलं पत्र उद्या पहाटे आपोआप जाईल अशीही सोय असते. ती अण्णांनी इतकी वापरली, की मॅनेजर महिपती साहेब एकदा काळजीनं म्हणाले, "हिरेमठ, एवढ्या पहाटे उठून काम करू नका, तब्येतीला जपा." अण्णा त्या वेळी साखरझोपेत असत, पण त्यांनी नम्रपणे मान हलवली. मग त्यांनी एक नियम बसवला. ज्या पत्रावर 'तातडीचे' असं लिहिलंय ते थेट वेगळ्या कप्प्यात जाऊन पडावं. पत्रं बरोबर जाऊन पडू लागली. फक्त तो कप्पा उघडून बघायचा असतो हे अण्णा तीन आठवडे विसरले.

"अण्णा, तुमच्यापेक्षा आमचं अडाणी ईमेल बरं की," अकाउंट्सची रेश्मा म्हणाली. रेश्मा मूळची केम गावची, तोंडानं तिखट आणि मनानं चांगली. तिला कारखान्यात कुणी घाबरत नसलं तरी सगळे जपून असत.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना, जानेवारीत अण्णांच्या घरी हुरड्याचा विषय निघाला.

अण्णांचे मेव्हणे सिद्धप्पा वळसंगला शेती करतात. त्यांच्या रानातला हुरडा म्हणजे काय सांगावं! कोवळ्या ज्वारीची कणसं गोवऱ्यांच्या आगटीत भाजायची, गरमागरम हातावर चोळायची, फुंकर मारायची आणि शेंगाचटणीबरोबर ते हिरवे दाणे तोंडात टाकायचे. अण्णा दरवर्षी जाऊन खाऊन यायचे आणि सोमवारी ऑफिसात त्याचं वर्णन करायचे. इतकी वर्षं नुसतं वर्णन ऐकून ऑफिस कंटाळलं होतं. यंदा अण्णांच्या पत्नी चंद्रिकावहिनींनी भावाला शब्दच देऊन टाकला. ह्यांच्या कारखान्याची सगळी माणसं रविवारी हुरड्याला आणते.

सिद्धप्पा हरखले. त्यांनी खास या रविवारसाठी रानातला एक तुकडा राखून ठेवला. तिकीट लावून हुरडा पार्ट्या करणारा एक जण तो तुकडा मागायला आला, त्याला त्यांनी वाटेला लावलं. गावात सगळ्यांना सांगून टाकलं, की अक्काची माणसं येणार आहेत. आता हुरड्याचं असं असतं, की तो कुणासाठी थांबत नाही. आज दाणा दुधाळ आहे तोवर हुरडा. चार दिवसांनी ती नुसती ज्वारी.

"प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन सांगा," वहिनींनी बजावलं. "साहेबांच्या घरी मी येते बरोबर. बोलावणं नीट झालं पाहिजे. माझ्या भावाच्या रानात पंगत ओस पडली, तर मी वळसंगला तोंड दाखवू शकायची नाही."

"टेबलापाशी?" अण्णा हसले. ते हसणं डेव्हलपरचं होतं. "अगं, ईमेलमध्ये मतदानाची सोय आहे. एक पत्र टाकायचं, खाली बटणं द्यायची. कोण येणार, कोण नाही, आपोआप मोजणी होऊन गोल तक्ता हजर. सिद्धप्पाला नेमका आकडा देतो बघ."

वहिनींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी ते पाहणं अण्णांना अजून वाचता येत नाही.

सोमवारी सकाळी पत्र गेलं. वर 'हुरड्याचं आग्रहाचं आमंत्रण' असं शीर्षक आणि खाली दोन बटणं, 'येणार' आणि 'येणार नाही'. संध्याकाळपर्यंत अख्ख्या ऑफिसातून एकही मत पडलं नाही. अण्णांना वाटलं, बटणं बिघडली. मंगळवारी त्यांनी रेश्माला विचारलं.

"बिघडली न्हाईत," ती म्हणाली. "पण अण्णा, जेवायच्या बोलावण्याला 'येणार नाही' असं बटण दाबायचं कसं? किती वाईट दिसतंय ते. आणि 'येणार' म्हणावं, तर घरी विचारायला नको का? सासूबाईंचा गुडघा हाय, पोराची परीक्षा हाय. आपल्याकडं असं कुणी सांगतंय का?"

"मग काय सांगतात?"

"बघू की, म्हणायचं."

अण्णांना हे पटलं. शास्त्र लोकांपर्यंत न्यायचं तर लोकांच्या भाषेत न्यावं लागतं. त्यांनी तिसरं बटण वाढवलं आणि त्यावर लिहिलं, 'बघू की'. अर्ध्या तासात सगळी मतं पडली. साहेबांपासून गेटवरच्या कारकुनापर्यंत सगळ्यांनी 'बघू की' दाबलं होतं. ईमेलनं आपोआप गोल तक्ता काढला. तो अख्खा एकाच रंगाचा, भाकरीसारखा गोल होता.

रात्री सिद्धप्पांचा फोन. "दाजी, आकडा सांगा की. आगटी केवढी खणायची ते ठरवायचं हाय."

"सगळे 'बघू' म्हणालेत."

"मग येत्यात की!" सिद्धप्पा म्हणाले. आणि मग, "का न्हाई येत?"

हा प्रश्न शेजारच्या हरिबाकाकांच्या कानावर गेला. हरिबाकाका वीज मंडळातून निवृत्त झालेले आणि सल्ल्याच्या बाबतीत अजून सेवेत असलेले. ते कंपाउंडच्या भिंतीवर दोन्ही कोपरं टेकवून म्हणाले, "गुरुशांत, माणसाला मोकळं सोडलंस तर तो बघतच बसणार. आम्ही बिल भरा म्हणून विचारायचो का? नोटीस काढायचो. मुदतीत न कळवल्यास येणार असे समजण्यात येईल, असं लिही. आणि सगळ्यांना पाठव, मागं कुणी म्हणायला नको, आम्हाला कळवलं नाही."

अण्णांनी बुधवारी त्याच शीर्षकाखाली नोटीस काढली. कुणी राहून जायला नको म्हणून पत्त्याच्या जागी 'सर्व' नावाची यादी निवडली. आता ही 'सर्व' यादी कुणी आणि कधी बनवली होती, हे आजतागायत कुणाला माहीत नाही. त्यात ऑफिस होतंच. त्याखेरीज पुण्याचं मुख्य कार्यालय होतं, सुताचे व्यापारी होते, रंगाच्या डब्याचे पुरवठादार होते, ट्रान्सपोर्टवाले होते आणि परदेशात टॉवेल घेणारी गिऱ्हाइकंही होती. त्या सगळ्यांना सोलापूरहून कळवण्यात आलं, की मुदतीत नकार न आल्यास आपण रविवारी वळसंगला हुरडा खायला येत आहात, असे समजण्यात येईल.

सेलमच्या व्यापाऱ्याचं उत्तर पहिलं आलं. कुटुंबासह येत आहे, दाणे फार तिखट नसावेत. ट्रान्सपोर्टवाल्यानं विचारलं, हुरडा किती टन आहे आणि गाडी कुठं लावायची. परदेशातल्या एका बाईंनी कळवलं, की त्यांना ग्लुटेन चालत नाही. पुण्याच्या मुख्य कार्यालयानं मात्र शुक्रवारी रीतसर पत्र धाडलं. हा कार्यक्रम कुठल्या खात्याच्या खर्चात बसतो, त्याची विषयपत्रिका काय आणि खुल्या शेतात आग लावण्यासाठी सुरक्षा विभागाची परवानगी घेतली आहे का, याचा खुलासा उलट टपाली करावा.

अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं. पण पळता पळता त्यांना सोमवारचं बातमीपत्र आठवलं. डेव्हलपरांसाठी खूशखबर होती, की पाठवलेलं पत्र परत घ्यायची सोय आता सुधारली आहे. पूर्वी समोरच्यानं पत्र उघडलं की ते परत येत नसे. आता उघडून वाचलेलं पत्रसुद्धा समोरच्याच्या पेटीतून काढून घेता येतं. खाली बारीक अक्षरात आणखी काहीतरी होतं, ते अण्णांनी वाचलं नव्हतं. बारीक अक्षरात असतं ते आपल्यासाठी नसतंच, अशी त्यांची समजूत होती. त्यांनी मोठ्या समाधानानं 'परत घ्या' दाबलं.

बारीक अक्षरात असं होतं, की पत्र परत घेतलं की ज्याच्या त्याच्याकडे तसं कळवण्यात येतं.

अख्ख्या ऑफिसच्या पडद्यावर एकाच वेळी टिंग झालं. 'गुरुशांत हिरेमठ यांनी "हुरड्याचं आग्रहाचं आमंत्रण" परत घेतले आहे.'

आता मला सांगा. सोलापुरात माणूस उधारी विसरेल, भांडण विसरेल. पण जेवायला बोलावून बोलावणं मागं घेणं? असं आजवर झालंच नव्हतं, म्हणून त्याला काय म्हणायचं हेही कुणाला सुचेना. दुपारी डबे उघडले, तेव्हा अण्णांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. रोज आपल्या डब्यातली लसणाची चटणी न विचारता अण्णांच्या झाकणात टाकणारी रेश्मा, आज पाठ करून जेवत होती.

"अगं, ते चुकून झालं," अण्णा तिच्या पाठीला म्हणाले.

"आमी काय मागायला आलतो का?" पाठ म्हणाली.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "हिरेमठ, रविवारी आम्ही अक्कलकोटला दर्शनाला जाणार होतो. तुमच्यासाठी ते पुढं ढकललं. मिसेसनी बागेतल्या वांग्यांचं भरीत करून आणायचं ठरवलं होतं. आता घरी काय सांगू? आपल्याला नको म्हणाले, असं सांगू?"

अण्णांनी धावत जाऊन सगळ्यांना माफीचं पत्र लिहायला घेतलं. वारंवार लिहिलं, पुन्हा 'सर्व' घातलं, काढलं, पुन्हा घातलं. एवढ्यात पडदा पांढरा झाला. थोड्या वेळानं फोनवर पुण्याच्या संगणक विभागातली एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, तुमच्या खात्यातून संशयास्पद हालचाल दिसली, म्हणून ते बंद केलंय. उघडण्यासाठी अर्ज करा."

"अर्ज कसा करायचा?"

"ईमेलनं."

घरी आल्यावर अण्णांनी वहिनींना सगळं सांगितलं. हरिबाकाका भिंतीपाशी आलेच होते, पण वहिनींचा चेहरा बघून तुळशीला पाणी घालायला निघून गेले. अण्णांना वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि शेंगदाणे भाजायला लागल्या. मग आतूनच म्हणाल्या, "सिद्धप्पानं आगटी खणलीय. दोन ओळी बसतील एवढी. फोन आला होता."

अण्णांना मग भीती वाटली नाही, लाज वाटली. आयुष्यात या बाईनं माहेरहून कधी काही मागितलं नव्हतं. एकदाच दिमाखानं म्हणाली, माझ्या घरची माणसं आणते. आणि आपण तिच्या माणसांना परत घेतलं.

"चुकलं माझं," ते दारातून म्हणाले.

"चुकलं ते चुकलं. उद्या बोलवायला निघायचं. दोघांनी."

शनिवारी कारखान्याचा अर्धा दिवस असतो. वहिनी शेंगाचटणीच्या पुड्या पिशवीत घालून अण्णांच्या स्कूटरवर मागं बसल्या आणि थेट ऑफिसात आल्या. अण्णा टेबलाटेबलापाशी जाऊन हात जोडत होते आणि वहिनी मागून बोलत होत्या. "तुम्ही याच. पोरांनाही आणा. ह्यांचं मनावर घेऊ नका, ते बटणांच्या नादाला लागलेत." रेश्माला त्यांनी हाताला धरून सांगितलं, "सासूबाईंना आणच. गुडघ्यासाठी खुर्ची ठेवते." रेश्मा म्हणाली, "बघू की वहिनी." साहेबही म्हणाले, बघू की. सगळेच म्हणाले. अण्णांचा जीव टांगणीला तो टांगणीलाच.

बाहेर पडता पडता वहिनी थबकल्या. पलीकडच्या लांब शेडमधून शिवणयंत्रांचा आवाज येत होता. टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या बायका तिथं बसतात, ऑफिसातल्या माणसांपेक्षा संख्येनं कितीतरी जास्त.

"इथं सांगितलं का?"

"यांना ईमेल नाही," अण्णा म्हणाले.

"'सर्व' मध्ये त्या नव्हत्या?"

"अगं, ज्यांना ईमेल आहे तेच 'सर्व'."

"सेलमचा माणूस 'सर्व' मध्ये येतो," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "आणि तुमच्या भिंतीपलीकडच्या बायका येत नाहीत?"

वहिनी सरळ आत गेल्या. यंत्रं थांबली. आत काय बोलणं झालं ते अण्णांना ऐकू आलं नाही. फक्त हशा ऐकू आला, मराठीत आणि तेलुगूत. बाहेर आल्यावर त्यांनी कारखान्याच्या बसच्या ड्रायव्हरलाही रविवारी यायचं आमंत्रण दिलं, आणि येताना बस घेऊन ये, असंही सांगितलं. डिझेलचं कोण बघणार, हे अण्णांनी विचारलं नाही. विचारायची त्यांची पत राहिली नव्हती.

रविवार उजाडला. आगटी पेटली. सिद्धप्पांनी पांढरा फेटा बांधला होता. बांधावर सतरंज्या अंथरल्या होत्या, ताकाचा डेरा होता, गुळाची ढेप फोडून ठेवली होती. वहिनी इरकल नेसून रस्त्याकडं तोंड करून उभ्या होत्या. कुणीच येत नव्हतं. सिद्धप्पा दर थोड्या वेळानं एक कणीस उचलायचे, दाणा नखानं दाबून बघायचे आणि म्हणायचे, "अजून मऊ हाय, दाजी. येतील की." गावातले चार-दोन जण उगाच बांधावरनं ये-जा करत होते आणि रिकाम्या सतरंज्यांकडं बघत होते. अण्णांना वाटलं, जमीन दुभंगावी. पण तिथं आगटी होती.

मग लांबून हॉर्न वाजला.

बस आली. बसमधून बायका उतरल्या. उतरतच राहिल्या. कुणी कडेवर पोर घेऊन, कुणी डोक्यावर भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन. बसमागून साहेबांची गाडी, त्यात मिसेस आणि मांडीवर भरिताचं पातेलं. त्यामागं रेश्मा, स्कूटरवर सासूबाईंना पुढं धरून की मागं बसवून, ते त्या गर्दीत कळलं नाही. अख्खं ऑफिस आलं. कुणी एक शब्दही बोललं नाही मागचा. साहेबांनी हातावर कणीस चोळताना बोटं भाजून घेतली आणि सगळे हसले. रेश्मानं अण्णांच्या पानात लसणाची चटणी टाकली, न विचारता.

दोन ओळींची आगटी पुरेना. सतरंज्या संपल्या, माणसं बांधावर बसली. आणि मग जे व्हायचं तेच झालं. राखून ठेवलेला तो तुकडा संपला. खायची माणसं मात्र अजून निम्मी बाकी होती.

सिद्धप्पा विळा घेऊन शेजारच्या तुकड्यात शिरले.

"अरे, ती वर्षाची ज्वारी आहे!" वहिनी ओरडल्या. "घरच्या भाकरीची. त्याला हात लावू नको."

सिद्धप्पा वळले. फेटा सुटला होता, घामानं तोंड चमकत होतं. "अक्का, तुझी माणसं माझ्या रानातनं उपाशी उठली, तर मी तुला तोंड कसं दाखवू गं?" आणि त्यांनी कणसं कापायला सुरुवात केली. वहिनींनी पदरानं डोळे पुसले. धूर होता, असं त्या नंतर म्हणाल्या, पण धूर दुसऱ्या बाजूला जात होता.

शिवण खात्यातली सोजरबाई, सगळ्यांत वयस्क, आगटीपाशी बसून शांतपणे कणीस चोळत होती. तिनं मूठभर दाणे फुंकून स्वच्छ केले आणि अण्णांच्या हातावर ठेवले.

"अण्णा, लई वर्सं झाली मला ह्या कारखान्यात," ती म्हणाली. "कामाला लवकर या, कामाला उशिरा थांबा, असं बोलावणं रोज असतंय. जेवायला या म्हणून कुनी आलं न्हवतं बगा कदी. तुमी आटवन ठिवली आमची. देव तुमाला लई देईल."

आता इथं सांगायला हवं, की अण्णांचा स्वभाव कौतुक नाकारायचा नाही. पहाटेच्या पत्रांचं कौतुकसुद्धा त्यांनी बिनतक्रार घेतलं होतं. सगळं ऑफिस बघत होतं, साहेब बघत होते. मान हलवली असती तर आठवडाभराची गेलेली अब्रू तिथल्या तिथं परत आली असती.

अण्णांनी हातातले दाणे तसेच धरले आणि उठून उभे राहिले.

"मावशी, मी नाही आठवण ठेवली," ते म्हणाले, आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून थोडं मोठ्यानं म्हणाले. "मी विसरलो होतो. हिनं बोलावलं तुम्हाला."

मग ते बांधापर्यंत चालत गेले आणि ते दाणे त्यांनी चंद्रिकावहिनींच्या हातावर ठेवले. सकाळपासून वहिनींनी एक दाणाही तोंडात टाकलेला नव्हता.